रक्तशुद्धीचा काढा आणि सासूबाईंची गोळी

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळची घाईची वेळ. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी, आणि माझं लक्ष घड्याळाकडे. दात घासून आलेल्या सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

"अगं, आज पुन्हा हिरडीतून रक्त आलं बघ."

"पुन्हा म्हणजे? कधीपासून येतंय?"

"झाले तीन-चार दिवस. ब्रश कडक असेल नवा." असं म्हणत त्यांनी पदर सावरला आणि माझी नजर त्यांच्या दंडाकडे गेली. तळहाताएवढा काळानिळा डाग!

"आई, कुठे आपटलात?"

"कुठेच नाही बाई. आपोआप उठलाय तो."

माझ्या पोटात धस्स झालं. सासूबाईंच्या हृदयाची एक झडप अकरा वर्षांपूर्वी बदललेली आहे. लहानपणी सांध्यांचा ताप आला, त्यात ती खराब झाली होती. आता तिथे धातूची झडप आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्यांना रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. ही गोळी कमी पडली तर गुठळीची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून तिची मात्रा ठरवतात. त्या तपासणीत येणारा 'आयएनआर' नावाचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहिला की आमच्या घरी सगळ्यांना बरं वाटतं.

त्या दिवशी मी रजा टाकली, त्यांना घेऊन गेले. दुपारी रिपोर्ट आला. आकडा सातच्या वर!

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी चुकून दोनदा घेतलीत का?"

"नाही हो. डबीत वारांचे खण आहेत माझ्या."

"दुसरं काही नवीन औषध?"

"छे, औषध कसलं!"

"मग खाण्यापिण्यात काही बदल?"

यावर मात्र सासूबाई माझ्याकडे बघेनात. मग हळूच म्हणाल्या, "औषध नाही काही. शेजारच्या वहिनींनी काढा सांगितलाय. रक्त शुद्ध होतं म्हणे. लसणाच्या दहा पाकळ्या, आलं, दोन चमचे हळद, मिरे, आणि त्यांनी आणून दिलेली एक पावडर. आठ दिवस जेवण नाही, नुसता काढा आणि फळांचे रस. घरचंच तर आहे सगळं!"

आणि मी? मला वाटत होतं, मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपास त्यांनी आपल्या हौसेने लांबवलाय. सकाळी आठला घराबाहेर पडणारी सून मी. त्यांच्या ताटात काय आहे, याकडे आठ दिवस माझं लक्ष नव्हतं. ही टोचणी अजून गेलेली नाही.

दोष कुणाचा?

"लसणाचा का हळदीचा?" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कुणा एकावर बोट नाही ठेवता येणार. लसूण, आलं, हळद रोजच्या फोडणीत असतात तेवढ्याने काही होत नाही. पण एवढ्या मोठ्या मात्रेत रोज घेतलं की त्यांचाही परिणाम गोळीच्या बाजूने होऊ शकतो. त्या पावडरीत काय आहे, ते देणारीलाही ठाऊक नाही. आणि मुख्य म्हणजे यांनी जेवण बंद केलं."

जेवण बंद केल्याने काय झालं, ते मला त्या दिवशी नीट कळलं. पालेभाज्यांत 'के' जीवनसत्त्व असतं. रक्त गोठायला ते लागतं. ही गोळी नेमकी त्याच्याच कामात आडवी येते. रोजच्या पालेभाजीतून जेवढं 'के' पोटात जातं, त्याचा हिशेब धरूनच गोळीची मात्रा बसवलेली असते. भाजी एकदम बंद झाली की तीच गोळी जड पडते. उलट, कधी न खाणाऱ्याने एकदम वाटीवाटीने पालक खायला सुरुवात केली की गोळी कमी पडते. म्हणजे पालेभाजी वाईट नाही, सोडायचीही नाही. रोज साधारण सारखी खायची, एवढंच पथ्य.

सासूबाईंची गोळी दोन दिवस थांबवली. रोज रक्त तपासलं. पाचव्या दिवशी आकडा ताळ्यावर आला. "डोक्यात रक्तस्राव झाला असता तर..." हे वाक्य डॉक्टरांनी अर्धंच सोडलं, पण त्या अर्ध्या वाक्याने माझी झोप उडवली.

शुद्धीचं खातं कुणाकडे?

मैत्रिणींनो, 'डिटॉक्स' हा शब्द आता आपल्या भिशीपासून लेकीच्या मोबाइलपर्यंत सगळीकडे पोचलाय. आपल्या आज्या त्याला 'रक्तशुद्धी' म्हणायच्या. शब्द बदलला तरी कल्पना तीच : शरीरात काहीतरी साचलंय आणि ते धुऊन काढायला हवं.

पण आपल्या शरीरात हे धुण्याचं खातं रोज, न सांगता चालू असतं. एक यकृत, साधारण दीड किलो वजनाचं. पोटातून शोषलेलं बहुतेक सगळं आधी त्याच्या हाताखालून जातं. औषध असो, मद्य असो, नाही तर प्रथिनांच्या पचनातून निघालेला अमोनिया. यकृत त्याचं रूप पालटतं आणि बाहेर टाकण्याजोगं करतं. दुसरी मूत्रपिंडं. आपल्या मुठीएवढी ही जोडी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेते आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकते. एवढा उरक आपल्यापैकी कुणाला आहे?

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. जुन्या मोडतात, नव्या तयार होतात. मोडलेल्या पेशींमधलं लोह शरीर पुन्हा वापरतं आणि उरलेला पिवळा रंग यकृत पित्तावाटे काढून टाकतं. म्हणजे 'रक्त बदलणं' सुद्धा चालूच आहे, तेही काढ्याशिवाय.

मग आपल्या हातात काय उरलं? उरलं ते मोठं आहे. या खात्यातल्या कामकऱ्यांना वेळेवर जेवण देणं आणि त्यांच्या डोक्यावर नसता बोजा न टाकणं.

ताटात काय वाढाल?

पालेभाजी आणि बीट : पालक, चवळई, माठ, मुळ्याचा पाला आणि बीट यांत नायट्रेट असतं. ते आधी जिभेवरच्या जंतूंच्या मदतीने आणि पुढे शरीरात बदलत जातं, त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारा एक वायू तयार होतो. रक्तप्रवाह सुधारतो, रक्तदाब थोडा उतरतो. त्यासाठी पेलाभर रसच हवा असं मुळीच नाही. कोशिंबीर चावून खाल्ली की चोथाही पोटात जातो. ज्यांना मुतखडा होतो त्यांनी मात्र पालकाचे-बिटाचे रस टाळावेत. त्यातलं ऑक्झलेट खड्याला खतपाणी घालतं.

डाळी, कडधान्यं, जवस : मटकी, चवळी, कुळीथ यांच्या चोथ्यामुळे पोट साफ राहतं. शिवाय हा चोथा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. कोकणातलं कुळथाचं पिठलं आणि विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी ही आपली जुनी 'डिटॉक्स'ची पाककृतीच म्हणा ना! मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खावी. महागड्या माशांपेक्षा हेच तेलकट मासे हृदयाला जास्त मानवतात.

शेवग्याचा पाला : गोकुळाष्टमीला कोकणात शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. सासूबाई चिपळूणकडच्या, त्यामुळे आमच्याकडेही ती होते. पण वर्षातून एकदाच का? शेंगा विकत घेताना पाल्याचीही जुडी मागून बघा. लोह, कॅल्शियम, प्रथिनं, सगळंच त्यात आहे. फक्त रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी ती सुद्धा बेताने आणि नेमाने.

आवळा, लिंबू, कोकम : पालेभाजी आणि उसळीतलं लोह शरीराला सहज लागत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर ते नीट शोषलं जातं. म्हणून उसळीवर लिंबू पिळायची आपली पद्धत शहाणपणाची. सोलकढी मीठ बेताचं घालून प्या. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाला अडवतो. तासभर तरी थांबा.

पाणी आणि ताक : तहान लागेल तसं पाणी प्या, उन्हाळ्यात थोडं जास्त. लघवी फिकट पिवळी असली की समजावं, ठीक चाललंय. ऑफिसात, प्रवासात स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या आपण कितीजणी आहोत! मूत्रपिंडांची सगळ्यात मोठी हेळसांड तिथे होते. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

आणि काय कमी कराल? मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. त्यात पापड, लोणचं, फरसाण, सगळं आलं. आणि एक नाजूक विषय : मिश्री. गावाकडे काय, शहरात काय, कितीतरी बायका आजही 'दात घासायला' म्हणून मिश्री लावतात. ती तंबाखूच आहे. तिच्याने रक्तवाहिन्या आवळतात, तोंडाच्या कर्करोगाची टांगती तलवार वेगळीच. रक्त खरंच स्वच्छ ठेवायचंय ना? मग आधी तो डबा बाहेर काढा.

आणखी एक. ओट्याशी तासन्‌तास उभं राहून आपल्या पायांच्या शिरा फुगतात. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि ते चालल्याशिवाय होत नाही. अर्धा तास भरभर चालणं हा रक्तप्रवाहाचा सगळ्यात स्वस्त उपाय. कुकरच्या शिट्या होईपर्यंत टाचा वर-खाली केल्या तरी चालेल.

बिघडलंय की कमी पडलंय?

आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या चेहऱ्यावर तेज नव्हतं, केस गळत होते, जिना चढताना धाप लागत होती. "रक्त बिघडलंय," असं तिच्या जावेने निदान केलं आणि महिनाभर तिने बीट-गाजराचे रस घेतले. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! रक्त बिघडलं नव्हतं, कमी पडलं होतं.

बीट लाल असतं, डाळिंब लाल असतं, म्हणून त्यांनी रक्त वाढतं असा आपला समज. खरं म्हणजे दोन्हींत लोह अगदी थोडं असतं. अळीव, तीळ, राजगिऱ्याची पालेभाजी, शेवग्याचा पाला, कडधान्यं यांत ते जास्त. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक भारतीय बायकांना तो आढळला. म्हणजे आपल्या भिशीत दहाजणी असतील तर पाच-सहाजणींचं रक्त कमी असू शकतं, आणि आपण मात्र ते 'शुद्ध' करायच्या मागे! फार कमी झालेलं हिमोग्लोबिन नुसत्या आहाराने भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. पाळीत जास्त रक्त जातंय का, तेही दाखवून घ्यावं लागतं.

झाडपाला म्हणजे निर्धोक?

पाडव्याला आपण कडुनिंबाची पानं, ओवा, गूळ, हरभऱ्याची डाळ वाटून चिमूटभर खातो. ते ठीक. त्याच कडुनिंबाचा रस कुणी गरोदर लेकीला रोज पाजू लागलं तर ते ठीक नाही. फरक मात्रेचा आहे आणि माणसाचा आहे. आयुर्वेदात मंजिष्ठा, उपळसरी, गुळवेल यांचा उल्लेख आहेच. पण जाणता वैद्य नाडी बघून, बाकीची औषधं विचारून, मात्रा आणि मुदत ठरवून ती देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप यातलं काहीच विचारत नाही.

गुळवेलीचंच बघा. करोनाच्या दिवसांत घरोघरी तिचे काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहाजणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधलं. वाद तज्ज्ञांचा आहे, तो ते बघतील. पण कुंपणावरची वेल ओळखण्यात आपलीही गल्लत होऊ शकते, हे तर खरं? आणि ज्या यकृताची 'शुद्धी' करायची, त्यालाच इजा झाली तर?

दुधीचा रसही तसाच. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही हेच बजावलं, की कडू रस पिऊ नका. दुधी चिरताना एक फोड चाखून बघायची आपल्या आज्यांची सवय होती. ती सोडू नका. कडू लागला तर भाजीलाही नको, रसाला तर नकोच.

आणखी काही गोष्टी फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा :

• रक्त पातळ ठेवणारी कुठलीही गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या गोळ्या, अनोळखी पावडरी विचारल्याशिवाय नकोत. दात काढायचा असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर अशा सगळ्या गोष्टी डॉक्टरांना आधी सांगा.

• ज्येष्ठमध रोज आणि जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो. खोकल्यापुरती काडी चघळणं वेगळं, रोजचा काढा वेगळा.

• 'पोट साफ' करणाऱ्या चूर्णांत बहुधा सोनामुखी असते. महिनोन्‌महिने घेतली तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.

• मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना करमळ (स्टार फ्रूट) अगदी वर्ज्य. नारळपाणी आणि फळांचे रसही विचारूनच.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना 'शुद्धीसाठी' लंघन करू नका. साखर एकदम उतरते.

• अंगावर आपोआप काळेनिळे डाग, हिरडीतून किंवा नाकातून रक्त, लाल लघवी, काळी शी, डोळे पिवळे होणं, यातलं काहीही दिसलं तर काढा ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

वहीचं एक पान

आमच्याकडे आता ओट्याजवळ खिळ्याला एक वही टांगलेली असते. पहिल्या पानावर सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि मात्रा. पुढे आयएनआरचे आकडे, तारखांसकट. आणि शेवटच्या पानावर त्या स्वतःच्या मोडक्या-तोडक्या अक्षरात लिहितात, त्या दिवशी काय नवीन खाल्लं, प्यायलं. तपासणीला जाताना वही बरोबर. डॉक्टरही आधी शेवटचं पान उघडतात आणि हसतात.

सासूबाईंनी काढा का घेतला, हे मी त्यांना महिन्याभराने विचारलं. म्हणाल्या, "अगं, अकरा वर्षं गोळी गिळतेय. वाटलं, रक्त एकदा स्वच्छ झालं की सुटेल ती गोळी." मी गप्प झाले. त्यांना काढ्याची हौस नव्हती, गोळीचा कंटाळा आला होता. तो आम्हांला कुणाला कधी दिसलाच नव्हता. तेव्हापासून रात्रीची गोळी त्या एकट्या घेत नाहीत. मी पाणी नेऊन देते, पाच मिनिटं शेजारी बसते. गोळी तीच आहे, पण आता त्या कुरकुरत नाहीत.

परवा त्याच शेजारच्या वहिनी सांधेदुखीसाठी कसलासा नवा अर्क घेऊन आल्या. "मावशी, एकदम नैसर्गिक आहे हो!"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी चष्मा लावला, खिळ्यावरची वही काढली आणि कोरं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"बस गं. आधी तुझ्या बीपीच्या गोळ्यांची नावं लिही इथे. अर्काचं मग बघू."